नानांच्या बागेतली बंदी

ज्या माणसाने आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नाही, खरी नाही आणि कॉम्प्युटरवरची तर नाहीच नाही, त्याच्या देखरेखीखाली आम्ही नाशकातली पोरं रोज संध्याकाळी एकमेकांना गोळ्या घालायचो. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचे ते?" आणि तिथे माझी गाडी अडते. नाना नक्की काय करायचे हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आता माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी कळलंय असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

सांगायचं तर एवढंच, की नाना बघायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येऊ लागलं होतं. आमचा खेळ साधा होता. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. एका बाजूने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो निकामी करायचा. गोळी लागली की त्या डावापुरता माणूस मेला, मग उरलेल्यांचं काय होतं ते बघत बसायचं. कुणी सातपूरहून खेळतोय, कुणी नाशिक रोडहून, कुणी कॉलेज रोडच्या कॅफेतून. या सगळ्यांना एकत्र आणायला मधे एक कॉम्प्युटर सतत चालू लागतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आमचा सर्व्हर मखमलाबादला, नानांच्या गुलाबाच्या शेडमध्ये होता.

तो तिथे कसा आला याचीही गंमत आहे. नानांच्या धाकट्या भावाने पॉलिहाऊस टाकलं, डच गुलाब लावले आणि व्यापाऱ्यांच्या मेल बघायला कॉम्प्युटर घेतला. मग भावाला पुण्याला नोकरी लागली आणि गुलाब व कॉम्प्युटर दोन्ही नानांच्या गळ्यात पडले. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आला, त्याने हा खेळ घातला, सर्व्हर उभा करून दिला आणि सुट्टी संपल्यावर निघून गेला. नानांनी तो बंद केला नाही. पुतण्या खेळताना बघायला त्यांना आवडलं होतं. माणसं येत राहिली, नाना बघत राहिले. सर्व्हरचं नाव त्यांनी 'बाग' ठेवलं. बागेत शिरलं की पहिली पाटी दिसायची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: चपला बाहेर, पाणी पिऊन या, शिवी नाही.

पन्नाशीला टेकलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. अंगात बंडी, डाव्या हातात चामड्याचा हातमोजा. समोर बादल्यांमध्ये गुलाब बुडवून ठेवलेले. डाव्या हाताने दांडा धरायचा, उजव्याने खालची पानं खुडायची, काटे मोडायचे आणि नजर पडद्यावर. खेळात न खेळता नुसतं बघता येतं, याच्या पाठीमागून, त्याच्या डोळ्यांनी. नाना सगळ्यांच्या पाठीमागून फिरायचे. डाव संपला की उजव्या हाताच्या एका बोटाने दोन शब्द टाइप करायचे. "जहरभाऊ घाई." किंवा "किलरशेठ चांगलं मेले." आम्ही आपापली भयंकर नावं घेऊन गेलो होतो आणि नानांनी प्रत्येकाच्या पुढे भाऊ, शेठ, राव लावून त्यांची पार हवा काढून टाकली होती. मी 'सायलेन्सर' होतो. त्याचा सायलेन्सरभाऊ झाला.

"नाना, तुम्ही का नाही खेळत?" मी एकदा शेडमध्ये बसून विचारलं होतं.

"सगळेच खेळाया लागले तर बघायचं कुणी?"

"बघायला कशाला लागतं कुणी?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "बघणारा नसला तर ती मारामारी झाली की रे," ते म्हणाले आणि पुन्हा पानं खुडू लागले.

त्यांच्या कारभाराची तऱ्हा निराळी होती. घरचा लँडलाइन नंबर दिल्याशिवाय बागेत प्रवेश नाही. कुणी शिवी दिली की नाना त्याला काही बोलायचे नाहीत. सरळ त्याच्या घरी फोन लावायचे. आमचा कप्तान जहर, इंदिरानगरचा, तोंडाचा फार फाटका. एकदा तो खेळता खेळता कुणाच्या तरी आईवर घसरला. पाचव्या मिनिटाला हॉलमधला फोन वाजला आणि त्याच्या आईने उचलला. जहर नंतर सांगायचा, मी माउस हातात धरून नुसता घामाघूम झालो होतो.

"काकू, नमस्कार. मखमलाबादहून बोलतोय. जेवणं झाली का? काय केलं होतं? वा, वा. नाय, काम काय नाय. पोराचा आवाज ऐकला मगाशी, म्हटलं घरी सगळं ठीक हाय ना."

बस, एवढंच. शिवीबद्दल अवाक्षर नाही. जहरची आई फोन ठेवून म्हणाली, किती आपुलकीने बोलतात रे, कोण आहेत? जहरने त्यानंतर बागेत कधी शिवी दिली नाही. बागेबाहेर देतच होता.

आणि रात्री नऊच्या ठोक्याला बाग बंद. डाव कितीही रंगात आलेला असो, बरोबरी असो, शेवटचा माणूस बॉम्बच्या वायरीपाशी बसलेला असो. "आता घरी जा. पहाटे फुलांची तोड हाय," असं लिहून नाना बटण दाबायचे. आम्ही बहुतेक जण घरीच बसलेले असायचो, पण खरोखर कुठून तरी हाकलल्यासारखे दिवा मालवून जेवायला उठायचो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे बंदीकडे.

असल्या खेळात चोर असतात. एक छोटासा प्रोग्राम टाकला की भिंतीपलीकडे कोण उभं आहे ते दिसायला लागतं. अशा माणसापुढे खेळणं म्हणजे पत्ते उघडे ठेवून रमी खेळण्यासारखं. शहरातल्या सगळ्या कॅफेंमध्ये या चोरांनी उच्छाद मांडला होता. फक्त नानांच्या बागेत त्यांची डाळ शिजत नसे, कारण नाना त्यांना ओळखायचे. कसं ओळखायचे ते त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं.

"फुलबाजारात भाव सांगितला की गिऱ्हाईक जरा दचकतं. कितीबी कसलेला व्यापारी असू दे, पापणी हलतेच. ज्याची हलत नाय, त्याला भाव आधीच ठाऊक असतो, दुसऱ्या गाळ्यावर इचारून आलेला असतो. हितंबी तेच. कोपऱ्यावरून वळलं आन् समोर माणूस उभा दिसला, तर बंदुकीचं टोक जरा उडतंच. ज्याचं उडत नाय, त्याला पलीकडचं आधीच दिसलेलं असतं."

ऐकायला पटण्यासारखं होतं, आम्हाला पटलंही होतं. नानांनी ज्यांना हाकललं त्यांच्याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केल्याचं मला आठवत नाही. मीही केली नाही. नानांनी काढलं म्हणजे केलंच असणार, असं आम्ही म्हणायचो.

आणि मग एके दिवशी त्यांनी मला काढलं.

पुण्याच्या एका संघाशी आमचा सामना ठरला होता. नाशिकतर्फे पाच जण खेळणार होते, त्यात मी होतो. खोटं कशाला बोलू, त्या पाचात असणं ही माझी तोवरच्या आयुष्यातली एकमेव कमाई होती. कॉलेजात विषय राहिलेले, घरच्या धंद्याची ओढ नाही, पण बागेत माझा शब्द चालायचा. सरावाच्या डावात मी एका गल्लीच्या कोपऱ्यावरून वळलो. समोर एकदम दोघं उभे. मी एक, दोन, असं दोघांनाही आडवं केलं. स्वतःवरच खूश झालो. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि वर अक्षरं आली: "सायलेन्सरभाऊ, घरी जा."

मला वाटलं, लाइन गेली. पुन्हा आत शिरायला गेलो तर दार बंद. जहरचा फोन आला. तो म्हणाला, "सांगायचंस तरी रे आम्हाला."

मी काहीही केलेलं नव्हतं. हे मी तेव्हाही शपथेवर सांगत होतो आणि आजही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून मखमलाबादला गेलो. नानांनी दारात बघून "ये" म्हटलं, चहा सांगितला आणि गुलाबाची एक जुडी पानं खुडायला माझ्या हातात दिली. रागावल्याची खूण नाही. उलट माझंच कुणीतरी गेलंय अशा हळू आवाजात बोलत होते.

"नाना, मी खोटं खेळलो नाही."

"टोक उडालं नाय, भाऊ."

"माझं उडतच नाही! मी दचकतच नाही कधी."

"असं कसं? माणूस हायेस ना?"

मी म्हटलं, करून बघा. नानांनी माझ्या खांद्यावरून मागे बघत काहीतरी खूण केली. माझ्या पाठीमागे पत्र्याची बादली फरशीवर आदळली. नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, टाकली होती. माझ्या हातातलं पानसुद्धा हललं नाही. मी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिलं.

नानांचा चेहरा आणखीच पडला. "बघ," ते म्हणाले, "तुला आधीच ठाऊक होतं बादली पडणार म्हणून."

यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. दचकलो असतो तर दचकत नाही हे खोटं ठरलं असतं. दचकलो नाही तर चोर. मी त्या जुडीतला एक गुलाब मधोमध मोडला आणि मला रडू यायला लागलं. काकूंनाच ते बघवलं नाही. "अहो, पोरगं घरी बोलवतंय तर जाऊन या की एकदा," त्या म्हणाल्या. मी घरी बोलावलं नव्हतं, पण लगेच म्हटलं, "हो, या ना. द्वारकेला राहतो मी."

द्वारका म्हटल्यावर नानांनी डोळे मिटले. नाशकात जन्म काढला पण या माणसाने द्वारकेचा चौक कधी नीट ओलांडला नव्हता. नाशिक रोडला जायचं तर कुठून कुठून गल्लीबोळांतून स्कूटर काढायचे, पण मुंबई-आग्रा आणि पुणे रस्त्याचे ट्रक जिथे एकमेकांच्या उरावर येतात तिथे जायचे नाहीत. त्यांच्या बागेत दिवसभर पाण्याची मोटर आणि पाखरं, यापलीकडे आवाज नाही.

तरी ते आले. रविवारी सकाळी, इस्त्रीचा सदरा घालून, आईसाठी गुलाबाची जुडी घेऊन.

आमचं घर म्हणजे खाली वडिलांचं दुकान आणि वर दोन खोल्या. दुकान हॉर्नचं. ट्रकला, बसला प्रेशर हॉर्न बसवून द्यायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. हॉर्न बसवला की वाजवून बघावा लागतो आणि गिऱ्हाइकाचं एकदा ऐकून समाधान होत नाही. मी या आवाजातच रांगलो, या आवाजातच पाढे पाठ केले. आमच्या घरात कुणी हळू बोललं तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची.

वडिलांनी नानांना स्टूल दिलं, चहा मागवला. "पोराचे मास्तर का तुम्ही?" वडील ओरडले. म्हणजे ते साधंच बोलले, पण त्यांचं साधं बोलणं तसं असायचं. नाना काही उत्तर देणार तोच मागच्या बाजूला बसवलेला हॉर्न वडिलांनी दाबून पाहिला.

नाना स्टुलावरून जवळजवळ उठलेच. चहा सदऱ्यावर, पेला रस्त्यावर. चेहरा पांढराफटक. वडिलांनी मान कलती करून विचारलं, "जरा बारीक येतोय का आवाज?" आणि पुन्हा दाबला.

मला हसू येत होतं आणि नानांची दयाही येत होती. पण नाना तेवढ्यातही बघत होते. दुसऱ्या हॉर्नला त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. तिसऱ्याला वडिलांच्या. मग आई जिन्यावरून मेथीचं ताट घेऊन निवडत निवडत खाली आली, चौथा हॉर्न बरोबर तिच्या कानाशी वाजला आणि ती म्हणाली, "नाना, जेवूनच जा." शेवटी त्यांची नजर कॉम्प्रेसरवर गेली. त्याच्यावर आमचं मांजर झोपलेलं होतं. हॉर्न वाजला तरी त्याची शेपटीही हलली नाही.

नाना त्या मांजराकडे बराच वेळ बघत राहिले.

"हेबी?" त्यांनी मला विचारलं.

"याचा जन्म इथलाच आहे नाना," मी म्हणालो.

मला वाटलं, जिंकलो. आता हे पाठीवर हात ठेवतील, चुकलो म्हणतील, संध्याकाळी सगळ्यांसमोर लिहितील की सायलेन्सरभाऊ सच्चा आहे. नानांनी काहीच केलं नाही. उलट बादली पडली तेव्हापेक्षाही त्यांचा चेहरा वाईट दिसत होता. न जेवता, आईला नमस्कार करून ते निघाले. स्कूटरला किक मारताना एवढंच पुटपुटले, "किती जणांना काढलं मी असं."

संध्याकाळी माझी बंदी उठली. त्याबरोबर सगळ्यांचीच उठली. नानांनी आजवर ज्यांना ज्यांना हाकललं होतं त्या सगळ्यांना बागेचं दार सताड उघडं. पाटीवर एक ओळ वाढली: चूक माझी, सगळ्यांनी या.

आणि सगळे आले की! भिंतीतून बघणारे, धावता धावता डोक्यात गोळी घालणारे, एकेक नग परत आला. बागेत नुसता गोंधळ. जहर मला म्हणाला, "नानांचं डोकं फिरलंय. तू काय केलंस त्यांना?" मी काय केलं होतं? माझं खरं होतं ते दाखवलं होतं. पण आता मी आत आलो ते या सगळ्या चोरांच्या घोळक्यातून. लोकांना वाटलं, सगळ्यांना सोडलं त्यात हाही सुटला.

नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांना काढलं त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची असं त्यांनी ठरवलं. नऊच्या ठोक्याला बाग बंद करणारा माणूस आता दिवसाढवळ्या गुलाबांच्या जुड्या स्कूटरला बांधून शहरभर हिंडू लागला. मी एके दिवशी बरोबर गेलो, मागे जुड्या धरून बसलो. का गेलो ते सांगता येत नाही. कदाचित वाटेत कुठे तरी ते माझ्याबद्दल चांगलं बोलतील असं वाटत असेल.

पंचवटीत एका घराचं दार उघडलं ते यमराजने. म्हणजे त्याचं खेळातलं नाव यमराज. मुलगा नांदगावचा, इथे खोली घेऊन शिकत होता. काडीसारखा बारीक, दाढी अजून धड न आलेली. नानांनी जुडी त्याच्या हातात दिली आणि हात जोडले. "यमराजभाऊ, तुम्हाला मी उगा काढलं. मला कळत नव्हतं."

पोरगं गडबडून गेलं. एकदा गुलाबाकडे, एकदा माझ्याकडे बघू लागलं. मग त्याने मान खाली घातली. "नाना, असं नका करू. मी खरंच टाकला होता प्रोग्राम. मला भिंतीपलीकडचं दिसायचं."

मी मनात म्हटलं, सुटलो. निदान एक तरी खरा चोर सापडला, म्हणजे नानांचं मोजमाप अगदीच वाया गेलं नव्हतं. पण नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस."

"नाही नाना, आईची शपथ!"

"लय चांगल्या मनाचा हायेस," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. यमराज माझ्याकडे बघत होता की आता काय करू आणि मी त्याच्याकडे.

सामन्याचा दिवस आला. पुण्याचा कप्तान हुशार. त्याने आधीच चौकशी करून ठेवली होती. सामना सुरू व्हायच्या आत त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, तुमच्या सायलेन्सरला बंदी होती असं कळलं, तो असेल तर आम्ही खेळणार नाही. जहरने लिहिलं, बंदी उठली आहे. त्याने लिहिलं, तुमच्याकडे सगळ्यांचीच उठली आहे, आम्ही ऐकलंय. मग त्याने नानांनाच विचारलं. नानांच्या शब्दाला तेव्हाही पुण्यापर्यंत मान होता. तुम्ही फक्त हो म्हणा, त्याने लिहिलं, हा मुलगा सच्चा आहे ना?

मी पडद्याकडे बघत बसलो होतो. एक शब्द. एका बोटाने टाइप करायचा एक शब्द. या माणसाने माझं घर पाहिलं होतं, माझी आई पाहिली होती, मांजर पाहिलं होतं.

बऱ्याच वेळाने अक्षरं आली. "मला कळत नाय."

माझ्या जागी दुसरा खेळला. सामन्याचं काय झालं ते मी पाहिलंही नाही. मी तशीच सायकल काढली आणि तडक मखमलाबाद गाठलं. शेडमध्ये नाना पडद्यासमोर बसले होते, सामना चालू होता. हातात गुलाब नव्हता. मी ओरडलोच. माझा आवाज मुळात मोठा, त्यात राग.

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना नाना! माझ्या घरी येऊन पाहिलंत!"

"पाहिलं."

"मग?"

"तू दचकत नाहीस एवढं पाहिलं," नाना म्हणाले. "चोरी केली नाहीस, ते मला कुठं दिसलं?"

आधी नानांना वाटायचं, न दचकणारा चोर असतो. आता त्यांना कळलं, तसं नसतं. पण म्हणून न दचकणारा साव ठरतो असंही नाही. हिशेब बरोबर होता. इतका बरोबर की त्यात मी कुठेच उरलो नव्हतो.

"कबूल करतो त्याच्यावर तुमचा विश्वास नाही, नाकारतो त्याच्यावर नाही. मग माणसाने करायचं काय?"

नानांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे, उत्तर शोधत राहिले. "मलाबी तेच कळंना रे," ते म्हणाले. मग काकूंनी चहा आणला. आम्ही दोघांनी तो घेतला आणि मी घरी आलो. भांडण कुणाशी करायचं, हेच समजेना.

काही दिवसांनी बाग बंद झाली. नाना म्हणाले, बघून कळत नाय तर बघायचं कशाला. पोरं इकडेतिकडे पांगली, नोकऱ्या, लग्नं. बागेतल्या कुणाच्या लग्नात जुनी मंडळी भेटली की हमखास कुणीतरी पाठीवर थाप मारतं, "काय सायलेन्सर, लय भारी माल टाकला होतास राव तेव्हा!" प्रेमाने म्हणतात, राग नसतो त्यात. मी पहिल्या एक-दोनदा नाही म्हणून पाहिलं. ते डोळा मारून हसतात. हल्ली मीही हसतो. पण घरी येताना गाडीवर फार एकटं वाटतं. या साध्या गोष्टीचा एवढा त्रास का व्हावा, बायकोलाही समजावता येत नाही.

मध्यंतरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या पूजेची फुलं घ्यायला पंचवटीत गेलो होतो. झेंडूचे ढीग, माणसांची रेटारेटी. एका ढिगामागे नाना बसलेले. पॉलिहाऊस मोडलं, डच गुलाब गेले, आता झेंडू आणि शेवंती, असं त्यांनी नंतर सांगितलं. बरेच थकले होते. डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. मी समोर उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं, बघत राहिले आणि चेहरा हळूहळू उजळला.

"बागेतला ना तू?"

"हो, नाना." मी म्हणालो.

"बस, बस हितं." त्यांनी गोणपाट सरकवलं, माझा हात दोन्ही हातांत धरला. "यमराजभाऊ ना तू?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते थांबायलाच तयार नव्हते.

"लय दिवस मनात होतं, कधी भेटशील तर सांगावं. तू दारात उभा राहून कबूल केलंस, मी चोरी केली म्हणून. आईची शपथबी घेतलीस. पण मला कधी पटलं नाय बघ. सगळ्यांचं कळंना झालं, तुझं मातर मला पक्कं ठाऊक हाय. तुझा हात साफ होता. कुणी कायबी म्हणू दे, तुझा हात साफ होता."

आजूबाजूला माणसं भाव करत होती. मला त्या म्हाताऱ्याला सांगायचं होतं, की नाना, तो मी नव्हे. मी दुसरा, जो कधीच कबूल झाला नव्हता. पण त्यांनी माझा हात सोडलेला नव्हता. किती वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती आणि आता ते ऐकू येत होतं तर ते माझं होतं की नव्हतं, हेच मला कळेना.

नानांनी माझ्या पिशवीत मोजमाप न करता झेंडू भरला. "आन् कुठं असतोस आता? नांदगावलाच?"

"हो नाना," मी म्हणालो, "नांदगावलाच."